पेटी काय म्हणते?

गाडीचा आवाज आला की सुखदेवकाका उभे राहायचे. हातात चहाचा कप असो, तोंडात घास असो, समोर कुणी बोलत असो. उठायचे, रुळांकडे तोंड करायचे आणि शेवटचा डबा जाईपर्यंत तसेच उभे. रेल्वेतली गेटमनची नोकरी संपून चार वर्षं झाली होती. गेटही राहिलं नव्हतं, खालून भुयारी रस्ता झाला होता. मी जऊळक्याच्या शाळेत बदलून आलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली. पहिल्याच संध्याकाळी मी माझी ओळख सांगत असताना ते असे मध्येच उठले. माणूस तुसडा दिसतो, असं मला वाटलं. गाडी गेल्यावर खाली बसले आणि म्हणाले, "हां, बोला सर. गाव कोनतं म्हनले तुमी?"

घरात ते एकटेच. बायको वारलेली, मुलगी नागपूरला नर्स. अंगणात एका लोखंडी घडवंचीवर मधमाश्यांची लाकडी पेटी होती, पांढरी, मधोमध लाल पट्टा. रंग कुठून सुचला ते विचारायची गरज नव्हती. मुंग्या चढू नयेत म्हणून घडवंचीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये. आत सातेरी जातीच्या माश्या. गेटजवळच्या कोठडीच्या भिंतीत या माश्यांचं मोहोळ वर्षानुवर्षं नांदत होतं. कोठडी पाडायची ठरली तेव्हा काकांनी एकेक वीट स्वतः काढली, मोहोळाची पोळी कापून लाकडी चौकटींना बांधली आणि सगळा संसार पेटीत घालून घरी आणला. "तीस वर्सं नोकरी केली," ते म्हणायचे. "पेन्शन सरकारनं देल्ली. ह्या मी सोता घेतल्या."

रोज सकाळी आंघोळ झाली की ते पेटीजवळ जायचे, वाकवलेल्या बोटानं दारावर वाजवावं तसं दोनदा वाजवायचे आणि कान लावायचे. "पेटी काय म्हनते?" हे पेटीलाच विचारलेलं असायचं. मग त्यांनी मलाही ऐकायला शिकवलं. राणीमाशी आत असेल तर वाजवल्याबरोबर एक हुंकार उठतो आणि लगेच बसतो. राणी नसेल तर आवाज उठतो, पण बसत नाही, घुमतच राहतो. "जसं घरातलं मानूस गेल्यावर कोनी नुसतं 'काय झालं' इचारलं तरी रडनं सुरू होते, तसं," ते म्हणाले होते.

मला या सगळ्याचा चांगलाच नाद लागला. मी पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, बाहेरगावाहून माश्यांसकट एक पेटी विकत आणून परसात मांडली आणि प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर टांगलं. काकांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं. म्हणाले, "चांगलं हाय. माश्यायले दाखोलं काय?"

दोनच महिन्यांत माझ्या पेटीतली अंडी दिसेनाशी झाली. राणीही दिसेना. मी घाबरून नवी राणी कुठं मिळेल याची चौकशी सुरू केली. काकांनी कान लावला आणि मला गप्प बसवलं. "जुनी गेली असन, नवी निघाली असन. नवी बारीक रायते, लपते, दिसत नाही. गाडी दिसत नाही म्हनून गाडीच नाही, असं नसते सर. गेट लावून बसा." मी बसलो. बाराव्या दिवशी पोळ्याच्या घराघरात एकेक अंडं, तांदळाच्या कणीएवढं, उभं. मला इतका आनंद झाला की मी शाळेत पेढे वाटले आणि कशाचे ते सांगताना माझीच पंचाईत झाली.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट ते वारंवार सांगत. एकदा पहाटे त्यांनी गेट लागायच्या आधीच 'गेट बंद' असं स्टेशनला कळवून टाकलं होतं, आणि नेमकी त्याच वेळी एक बैलगाडी रुळांवर अडकली. त्यांनी लगेच फोन उचलून आपली चूक सांगितली. रेल्वे सिग्नलबाहेरच थांबली, बैलगाडी निघाली, कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. चौकशी मात्र झाली आणि वर्षभराची वेतनवाढ गेली. दोस्त म्हणाले, काही झालंच नव्हतं तर सांगितलंस काहून? लोक बक्षिसाची गोष्ट सांगतात त्या सुरात काका ही शिक्षेची गोष्ट सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "चूक झाली तं पह्यले आपनच फोन उचलायचा. तेवढ्या वेळात गाडी थांबते."

मी ही गोष्ट सात-आठ वेळा तरी ऐकली असेल. वर्गात मुलांनाही सांगितली होती.

मार्चमध्ये काकांच्या छातीत दुखू लागलं. मुलीनं नागपूरला बोलावलं, बायपास करायचं ठरलं. नेमकं त्याच वेळी त्यांच्या पेटीतली राणी बदलत होती. जुनी थकली होती, अंडी विरळ पडत होती. माश्यांनी स्वतःच नव्या राणीचं लांबट घर बांधलं आणि काका निघायच्या दोन दिवस आधी त्यातून नवी राणी बाहेर आली. स्टेशनवर मी त्यांची पिशवी धरून उभा होतो. ऑपरेशनबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. "एकवीस दिवस पेटी उघडायची नाही," ते म्हणाले. "वाट्यायमंदी पानी टाकत जा. दुपारी तारेवर वेडे राघू बसतात, माश्या टिपतात, ते हाकला. बाकी तिचं ती पाह्यते."

मी पेटी उघडली नाही. हे मी स्वतःला पुढं कितीतरी दिवस सांगत होतो.

उन्हाळ्याची सकाळची शाळा सुरू झाली होती, त्यामुळं दुपारी मी घरीच असायचो. ऊन असं तापलं होतं की चप्पल नसेल तर अंगणात पाय ठेववत नव्हता. पेटीच्या दाराशी माश्यांचा घोस लोंबत होता, पंखांनी वारा घालत होत्या बिचाऱ्या. मला दया आली. तीनच्या सुमारास मी पेटी उचलली आणि वीस-पंचवीस पावलांवरच्या कडुनिंबाखाली नेऊन ठेवली. माशी आपल्या दाराची जागा पक्की ध्यानात ठेवते आणि जागा बदलली की हरवते, हे प्रशिक्षणात सांगितलं असणारच. मी त्या तासाला मागच्या बाकावर असेन.

तासाभरानं पाहिलं तर घडवंचीच्या मोकळ्या फळीवर शेकडो माश्या भिरभिरत होत्या. तारेवर दोन वेडे राघू. तेव्हा चूक लक्षात आली आणि मी धावत पेटी परत आणून जागच्या जागी ठेवली. माश्या आत शिरल्या. अंधार पडेपर्यंत सगळं पहिल्यासारखं दिसू लागलं. मात्र नवी राणी नरांना भेटायला बाहेर पडते ती दुपारच्या याच वेळेला, हे मला माहीत होतं. ती बाहेर असताना मी तिचं घर उचललं होतं का, एवढाच प्रश्न होता.

आठ वाजता काकांचा फोन आला. "जयभीम सर. पेटी काय म्हनते?"

"ठीक आहे काका," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग ऑपरेशनमुळं काही दिवस खंड पडला. नंतर बारीक आवाजात पुन्हा फोन सुरू झाले आणि माझं 'ठीक आहे' सुरू झालं. रोज सकाळी मी बोटानं वाजवून कान लावायचो. आवाज उठायचा आणि बसायचा नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाला कशाला सांगायचं, असं मी मनाशी म्हणायचो. खोटं होतं ते. मला त्यांच्या तब्येतीची भीती नव्हती, त्यांच्या नजरेतून उतरण्याची भीती होती.

सव्वा महिन्यानं ते आले. रिक्षातून उतरून घरात न जाता आधी पेटीपाशी गेले. वाजवलं, कान लावला. बराच वेळ तसेच वाकून उभे होते. मग मला झाकण काढायला लावलं, एक चौकट उन्हाकडं धरायला सांगितली. एकेका घरात तीन-तीन, चार-चार अंडी पडलेली होती, वेडीवाकडी, काठाला चिकटलेली.

"कामकऱ्यायनंच अंडे घालनं सुरू केलं," ते म्हणाले. "रानी नाही म्हनून. ह्यातून नुसते नर निघतात. आता ह्या दुसरी रानी करत बी नाहीत, अन् देल्ली तं मारून टाकतात." चौकट परत ठेवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पेटी हलवली होती?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी दिवस विचारला, बोटांवर मोजलं आणि मान हलवली. "बाहेर होती ती."

मग त्यांनी खिशातून फोन काढून आसेगावला बहिणीला लावला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दोन वर्षांपूर्वी याच माश्यांतल्या निम्म्या त्यांनी तिला वेगळ्या करून दिल्या होत्या. तिच्या पेटीतली ताज्या अंड्यांची एक चौकट मी चार-सहा दिवसांच्या आत आणून घातली असती, तर या माश्यांनी त्यातूनच आपली राणी तयार केली असती. त्याच वंशाची. पलीकडून बहीण काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. काकांनी फोन खिशात ठेवून मला सांगितलं. उन्हामुळं तिच्या माश्या पेटी सोडून उठून गेल्या होत्या, आठवडा झाला होता.

"तुमचं ऑपरेशन होतं काका," मी म्हणालो. "म्हणून नाही सांगितलं."

"मी दवाखान्यात होतो. मेलो नोतो," ते म्हणाले. मग अगदी साध्या आवाजात, "फोन तं रोज होत होता, सर."

दुसऱ्या सकाळी त्यांच्या सांगण्यावरून मी पेटी परसामागच्या शेताच्या टोकाला नेली आणि सगळ्या माश्या वाळल्या गवतावर झटकल्या. काकांना वजन उचलायची मनाई होती, ते बांधावर उभे राहून बघत होते. घडवंची मोकळी ठेवली. अंडी घालणाऱ्या जड माश्या गवतातच राहिल्या. ज्यांना उडता आलं त्या हळूहळू माझ्या पेटीच्या दाराशी आल्या आणि माझ्या माश्यांनी त्यांना आत घेतलं. कोठडीच्या भिंतीतलं मोहोळ तिथं संपलं.

काका माझ्यावर कधी रागावले नाहीत. चहाला बोलावत, प्रमाणपत्रावरून चिडवत. फक्त बोटानं वाजवणं त्यांनी सोडलं. माझ्या पेटीला एकदा कान लावून बघा म्हटलं तर म्हणाले, "तुमाले येते आता." रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पावसाळा संपता संपता मुलगी त्यांना कायमचं नागपूरला घेऊन गेली. त्यांची पेटी त्यांनी माझ्याकडं ठेवली. दर रविवारी फोन यायचा. शाळेची, पिकाची, गावाची चौकशी व्हायची. पेटीबद्दल ते विचारत नसत. मीही विषय काढत नसे. थंडीतल्या एका रविवारी आवाज फार खोल गेलेला होता, दोन शब्दांमध्ये दम लागत होता. आणि मध्येच त्यांनी विचारलं, "पेटी काय म्हनते?"

माझी पेटी छान चालली होती. ठीक आहे म्हणालो असतो तर ते खोटंही ठरलं नसतं.

"तुमची पेटी रिकामी आहे, काका," मी म्हणालो. "माझ्यामुळं."



"हां," ते म्हणाले. "असं सांगत जा."

तीन दिवसांनी त्याच नंबरवरून फोन आला, तेव्हा त्यांची मुलगी बोलत होती.