प्रबंधातलं टाकं

एम.ए. पालीच्या शेवटच्या वर्षी मी हट्टाने आमच्या मावळातलंच एक लेणं प्रबंधाला घेतलं. सोमाटण्याहून स्कूटीने तासभर, मग डोंगर. तिथल्या भिंतीवर दोन ओळींचा जुना लेख आहे: एका बाईने पाण्याचं टाकं दान दिलं. बाईचं नाव, तिच्या बापाचं नाव, सगळं कोरलेलं. टाक्याचा मात्र पत्ता नाही!

"टाकं दाखव, नाहीतर ते प्रकरण काढ," मार्गदर्शक सर म्हणाले. आठ दिवस उरले होते, आणि ते प्रकरण काढलं तर माझ्या प्रबंधात उरणार काय, कपाळ?

चार खेपा केल्या. गुडघे फुटले, चप्पल तुटली. पाचव्या खेपेला पायरीवर बसून मी चक्क भोकाड पसरलं. वरच्या वाडीतली मावशी शेळ्या घेऊन चालली होती. दर खेपेला जाता-येता "काय मावशी", "काय पोरी" एवढीच आमची ओळख. तिला सगळं सांगितलं.

"टाकं व्हय? मग इचारायचं न्हाई का, येडे! शेळ्या तितंच पाणी पित्यात."

तिने काठीने करवंदीची जाळी बाजूला सारली. आत खडकात कोरलेलं चौकोनी टाकं, काठोकाठ भरलेलं! मी किंचाळले, मावशीला मिठी मारून गरगर फिरवलं.

"आगं सोड, चक्कर ईल मला!" शेळ्या तर कधीच पसार झाल्या होत्या. त्या दिवशी घरापर्यंत मी स्कूटीवर मोठमोठ्याने गात आले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडम खूश. तळटीपेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "टाकं दाखवणारी ही 'स्थानिक महिला' कोण?"

"आमची मावशी," मी ऐटीत म्हणाले.

"नाव?"

लेखातल्या बाईच्या बापाचंसुद्धा नाव मला पाठ, आणि मावशीचं ठाऊक नाही! पास झाले, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पेढे आणि प्रबंध घेऊन वाडी गाठली. "मावशी, तुमचं नाव काय हो? यात लिहायचंय."

ती आधी खूप हसली. मग पदराला हात पुसून नीट बसली आणि तिने स्वतःचं आणि बापाचं नाव सांगितलं.

"ह्ये म्हायेरचं हाय," ती म्हणाली. "लगीन झाल्यापून कुनी हाक न्हाई मारली त्या नावानं. नीट लिव."

प्रबंधाच्या चारही प्रतींत मी ते पेनाने लिहिलं.