न सांगता धुतलेली मोटरसायकल

नवऱ्याने न सांगता मोटरसायकल धुतली, तर संसारात मुरलेल्या बाईने काय करावं? आधी घरातली भांडी मोजावीत.

मी शिरा केला.

चांगला तुपातला, वर बेदाणे पेरलेला. तेव्हाच्या मला आज रस्त्यात भेटता आलं असतं तर कोपराने ढोसून म्हटलं असतं, "अगं बावळे, जरा माळ्यावर बघ!" पण ती कुठली ऐकणार? पन्नाशी उलटली होती, मंडईत शेंग मोडून घेवडा कोवळा की जून ते सांगायची, आणि त्यामुळे आपल्याला माणसंही कळतात असा तिचा गोड गैरसमज होता.

मोटरसायकल मुलाची. परदेशी जाताना तो ती आमच्याकडे ठेवून गेला आणि विकू नका म्हणाला. नुसती उभी राहिली तर गंजेल, म्हणून आधी हे चालवायला लागले आणि मग ह्यांची जिरवायला मी शिकले. सोसायटीतल्या एका काकांनी विचारलंही, "वहिनी, या वयात मोटरसायकल?" म्हटलं, "घोडा ठेवायला पार्किंग नाही."

मुलाने जाताना आम्हा दोघांना समोर उभं करून एक फवाऱ्याचा डबा दाखवला होता. वाटेत पंक्चर झालं तर डब्याची नळी टायरच्या व्हॉल्व्हला लावायची आणि दाबायचं. आतून पांढरा फेस जातो, भोक बुजतं, हवाही भरली जाते. "पण हे तात्पुरतं आहे हं," तो म्हणाला होता. "दुकानापर्यंत पोचायला. तिथे जाऊन नीट पंक्चर काढायचं." आम्ही दोघांनीही शाळेतल्या पोरांसारख्या माना डोलावल्या होत्या.

दसरा तोंडावर आला होता. त्या दिवशी मी आंघोळीला शिरले तेव्हा हे मोटरसायकल घेऊन "मंडईत जाऊन येतो" म्हणून गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. "भाजी चांगली नव्हती," म्हणाले. मंडईत! सबंध मंडईत एक भाजी चांगली नव्हती! यावरही मला काही वाटलं नाही. मग बघते तर हे खाली बादली आणि फडकं घेऊन गाडी धुतायत, मागचं चाक तर लेकराचे पाय धुवावेत तसं. मी गॅलरीतून बघितलं आणि माझा ऊर भरून आला. वाटलं, खंडेनवमीला गाडीची पूजा करायची म्हणून आठवणीने धुतायत बिचारे.

शिरा दोनदा मागून खाल्ला त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झेंडू आणायला मंडईकडे निघाले. नदी ओलांडली आणि गाडीचा मागचा भाग नाच्यासारखा कंबर हलवायला लागला. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ मावशी, चाक बसलंय!" एका टेम्पोला घासता घासता वाचले मी. कशीबशी कडेला घेतली. मागचा टायर जमिनीला चिकटला होता आणि त्यातून फेसाळ पांढरं पाणी गळत होतं.

ढकलत पंक्चरच्या दुकानात नेली. तिथल्या माणसाने चाकाला हात लावला, बोटं पुसली आणि तोंड वाकडं केलं.

"यात आधीच फेस मारलाय कुणीतरी."

"छे, आमच्या घरी कुणी नाही मारला."

"मग गाडीने स्वतःच मारून घेतला असेल," असं म्हणून त्याने चाक फिरवायला घेतलं.

एका जागी थांबून त्याने पक्कड लावली आणि टायरमध्ये घुसलेली वस्तू ओढून काढली. खिळा नव्हता तो. पत्र्याचा तिकोनी तुकडा होता, नखाएवढा आणि काट्यासारखा टोकदार. त्याने तो माझ्या तळहातावर टाकला. मी पदराने पुसला तर आतून गुलाबी, लालसर चमकला.

तांबं.

माझं माहेर कसबा पेठेतलं. लहानपणी तांबट आळीतून अनवाणी पळायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती, कारण कातरीने पत्रा कापताना उडालेली असली कातरण पायात जायची. चपलेचे तळ दर आठवड्याला तपासायची ती. अशी कातरण मंडईत नसते. आमच्या सोसायटीच्या वाटेवर तर नसतेच नसते. आणि आमच्या घरात तांब्याची एकच वस्तू होती जी घेऊन कुणी त्या आळीत जावं: माझ्या आईचा बंब, माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला.

तो बंब मी लग्नात आणला नव्हता. आईच्या घरी गॅसचा गीझर आला तेव्हा तिने तो मला दिला होता. तिने चिंचेने घासून घासून त्याला असा केला होता की आम्ही भावंडं त्यात तोंडं वेडीवाकडी करून बघायचो. माझ्याच हातून जिन्यावरून गडगडल्यामुळे त्याच्या पोटाला एक पोचा पडला होता. त्याबद्दल खाल्लेला धपाटा अजून आठवतो. त्या दिवाळीत मुलगा, सून आणि आमची पहिलीवहिली नात यायची होती. नातीचं पहिलं अभ्यंगस्नान गॅलरीत बंब पेटवून, त्याच पाण्याने घालायचं, हे मी ह्यांना उन्हाळ्यापासून सांगत होते. हे वर्तमानपत्रामागून "हो, हो" म्हणत होते.

पंक्चर निघेपर्यंत मी ती कातरण मुठीत धरून उभी राहिले. झेंडू राहिले. गाडी सरळ तांबट आळीत घातली.

हातोड्यांच्या ठणठणाटात तिसऱ्या की चौथ्या दारात विचारलं, "काल मोटरसायकलला बंब बांधून कुणी आलं होतं का?"

"आले होते की काका," तांबट म्हणाला. "इथे आमच्या दारातच पंक्चर झालं. डबा काढून फुसफुस फेस मारला आणि गेले. दुकान दाखवतो म्हटलं तर नको म्हणाले, घाईत होते."

"आणि बंब?"

त्याने हाताने भिंतीकडे दाखवलं. बंबाचं पोट उघडून, ठोकून सपाट केलेला पत्रा भिंतीला टेकवून ठेवला होता. मी जवळ गेले. पोचा निघाला होता, पण त्या जागी तांबं जरा काळपट राहिलं होतं, जुन्या जखमेसारखं. मी तिथे हात ठेवला. सकाळच्या कामाने पत्रा गरम होता.

"तुमचा होता का, ताई?" तांबट ओशाळला. "काका म्हणाले, घरात कुणालाच नकोय, नुसती अडगळ आहे."

घरात कुणालाच. म्हणजे मी त्या घरात कोण होते?

त्याने बाजूच्या घमेल्यातून बंबाची पितळी तोटी उचलून माझ्या हातात दिली. मी ती पिशवीत टाकली आणि घरी आले. आधी स्टूल घेऊन माळ्यावर बघितलं. गोणपाट जागच्या जागी, सुतळी नीट आवळलेली, गाठही माझ्यासारखीच मारलेली. आत माझ्याच दोन जुन्या उशा होत्या. बाहेरून बघणाऱ्याला आत बंबच आहे असं वाटलं असतं.

हे खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी तोटी आणि कातरण त्यांच्या चहाच्या बशीत ठेवली.

बशी जरा दूर सारून ते म्हणाले, "बाटल्या करायला टाकल्यात. पाणी प्यायच्या, तांब्याच्या. हास्यक्लबातल्या सगळ्यांना. यंदा आपट्याच्या पानांबरोबर द्यायच्या, खरं सोनं म्हणून."

"अहो, माझ्या आईचा बंब होता तो."

"अगं, पण वापरात कुठे होता?"

"मीसुद्धा फारशी वापरात नाहीये. मलाही बांधा गाडीला."

त्यांनी पेपर खाली ठेवला.

"आणि टायर?" माझा आवाज चिरकला, त्याची अजून लाज वाटते. "त्याच चाकावर आज मी बसणार होते, माहीत होतं ना? टेम्पोखाली गेले असते."

"दुकानात गेलो असतो तर उशीर झाला असता, मग तू विचारलं असतंस, कुठे होतात. डब्यावर लिहिलंय, बरंच चालतं म्हणून."

"डब्यावर तात्पुरतं लिहिलंय. मी वाचलंय."

मला रडायचं नव्हतं, भांडायचं होतं, आणि ती बावळट बाई रडायलाच लागली. नाक पुसत मी विचारलं, "रात्री शेजारी बसून शिरा खाल्लात. दोनदा मागून घेतलात. तेव्हासुद्धा एक शब्द सुचला नाही तुम्हाला?"

ह्यांनी बशीतली तोटी उचलली, हातात फिरवली, परत ठेवली. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला सगळं कळलंय आणि तू मला माफ केलंयस, म्हणूनच शिरा केलायस."