चॉकलेटी पातळ

आमची म्हैस माझ्याशिवाय कुणालाच धार काढू देत नसे. याचा मला गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही. धाकटी जाऊ म्हणायची, "लई लाडावून ठेवलीया तुमी तिला." मी म्हणायची, ठेवलीया. अख्ख्या निरवांगीत कुणाची म्हैस मालकिणीचा नुसता खोकला ओळखते ते दाखव.

मग एका पहाटे म्हशीच्या आंबोणाची, भिजवलेल्या पेंड-भुश्याची पाटी घेऊन गोठ्यात शिरताना ओल्या कोब्यावरून पाय सटकला आणि मी उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं. बारामतीला नेऊन प्लास्टर घातलं. बोटं हलवत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण दुखरा हात जपायचा म्हणजे त्याला हलूच द्यायचं नाही, अशी आमच्याकडची समजूत. भेटायला येणारा प्रत्येक जण "हाताला जपा" म्हणून चहा पिऊन जाई. मीही हात पदराखाली घेऊन बसून राही. भाकरी जाऊ थापायची, वेणीसुद्धा तीच घालायची. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला बरंच वाटत होतं.

राहिली म्हैस. मालक, म्हणजे आमचे हे, पहिल्या संध्याकाळी धारेला बसले आणि तिने बादली उडवली. दुसऱ्या दिवशी तर तिने पान्हाच सोडला नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. "आटंल ही," मालक म्हणाले. "आटायच्या आत देऊन टाकलेली बरी." देऊन टाकणं म्हणजे विकणं. मी त्या रात्री जेवले नाही.

पहाटे उठून बघते तर मालकांनी खुंटीवरचं माझं गोठ्यात नेसायचं चॉकलेटी पातळ घेतलेलं. पँटवरूनच ते गुंडाळलं, मिशांवरून पदर ओढला आणि बसले म्हशीखाली. बायको माहेरी गेली की आमच्या भागात पुष्कळ गडी हे करतात, सांगत मात्र कुणी नाही. म्हशीने मान वळवून पदर हुंगला, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि पान्हा सोडला. मी दारात इतकी हसले की प्लास्टरमधला हात ठणकायला लागला.

प्लास्टर निघालं तेव्हा हसू पळालं. मूठ मिटेना. बोटं अर्ध्या वाटेत थांबायची. व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. तिने हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "काकू, घरी या हाताने काय काय करता?"

"काहीसुद्धा न्हाय," मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

"म्हणूनच तो आखडलाय. हाड जुळलंय. जपून जपून तुम्ही हाताची सवय मोडलीत."

मला राग आला. कालची पोर आणि मला शिकवते. पण दुसऱ्या खेपेला गेलेच. मालक एमआयडीसीत कामाला जाताना मोटारसायकलवरून दवाखान्यात सोडत, परतताना मी एसटी धरी. कोमट पाण्यात हात बुडवायचा, स्पंज दाबायचा, अंगठा एकेका बोटाला टेकवायचा. करंगळीपर्यंत पोहोचताना डोळ्यांत पाणी यायचं आणि तोंडातून शिव्या. ती पोर हसायची आणि "अजून एकदा" म्हणायची.

एकदा तिने विचारलं, "या हाताने तुम्हाला सगळ्यात आधी काय करायचंय?"

"धार काढायचीया."

तिने रबरी हातमोज्यात पाणी भरलं, एका बोटाच्या टोकाला सुईने भोक पाडलं आणि मोजा स्टँडला टांगला. "काढा." मी स्टुलावर बसले, मोज्याचं बोट धरून दाबलं. थेंब थेंब गळलं. बाकावरचे पेशंट हसले, मीही हसले आणि हसता हसता रडायलाच आलं. "माझ्या हातात जोर यायचा न्हाय का गं आता?"

"येईल. पूर्वीइतका येईल असं मी म्हणणार नाही. पण धारेपुरता आणू आपण." त्या दिवसापासून ती मला आवडायला लागली.

घरी मी तसाच मोजा गोठ्याच्या खिळ्याला टांगला. शेजारी मालकांची धार चालायची आणि मला ती बघवत नसे. आता चॉकलेटी पातळ दिसताच म्हैस हंबरायची. विकायचा विषय तर निघेनासाच झाला. "कशाला घाई करतीस? मी हाय की," ते म्हणायचे. ते मायेनेच बोलायचे, पण मला वाटायचं, म्हैस राहिली आणि मीच गेले.

मोज्यातून सरळ चिळकांडी उडायला लागली, तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, आता म्हशीपाशी बसून बघा. संध्याकाळी मी धुतलेलं लुगडं नेसून बसले. खोकले. कास धुतली, सड धरला. अंगठा पूर्वीसारखा मुडपत नव्हता, त्यामुळे धरणं वेगळं झालं होतं. म्हैस बाजूला सरकली. लाथ मारली नाही तिने, पण पान्हा चोरला. रेडकू लावून पाहिलं, तरी नाही. पडले तेव्हासुद्धा मला इतकं लागलं नव्हतं. रिकामी बादली घेऊन मी उठले.

मालक नुकतेच कामावरून आले होते. दारातूनच त्यांनी सगळं पाहिलं. खुंटीवरचं चॉकलेटी पातळ काढलं. मला वाटलं, आता नेसतील आणि बसतील. त्यांनी ते माझ्या अंगावर टाकलं, पदर डोक्यावर ओढून दिला.

"बस आता. तिला वाटंल मीच हाय."

पातळाला त्यांच्या घामाचा आणि कंपनीतल्या ऑइलचा वास येत होता. म्हशीने मान वळवली, पदर हुंगला, लांब श्वास सोडला. सड भरून आले. माझी धार वाकडी होती, बारीक होती, निम्मी बादलीच्या काठावर जात होती. तरी ती माझी होती.

मध्यावर मनगट भरून आलं. पूर्वीची मी असते तर दातओठ खाऊन काढत राहिले असते. "अवं," मी हाक मारली, "या हिकडं."

ते कामावरच्या कपड्यांतच पलीकडच्या बाजूला बसले आणि तिकडचे सड धरले. म्हैस रवंथ करत उभी राहिली.