पाण्याला दहा मार्क कोणी दिले?

सलीमभाई काल गेले.
पहिल्याच भेटीत ते माझ्याशी धडधडीत खोटं बोलले होते.

आणि मीही त्यांच्यावर कितीतरी दिवस विश्वास ठेवला नव्हता.

विदर्भातल्या बीबी गावात पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं दुकान. बोअरच्या मोटारी काढायच्या, दुरुस्त करायच्या, परत सोडायच्या. तीस वर्षं हेच.

मी तेव्हा एका कन्सल्टन्सीत नवीन. तिथे जवळच बाटलीबंद पाण्याचा प्लांट येणार होता. तो त्या भागाला किती वर्षं झेपेल, याचा रिपोर्ट आम्ही द्यायचा. पाणी, जमीन, रोजगार, कचरा, प्रत्येकाला मार्क. बेरजेवरून हिरवा, पिवळा किंवा लाल.

"इथल्या बोअरचं पाणी किती खोल आहे?" मी विचारलं.

"मले काय माहीत? मी मोटर पाहतो. पानी नाही पाहत."

शेतकरीही तसेच. "भरपूर हाय पानी, मॅडम." खरं सांगितलं तर बोअर सील होईल, ही भीती.
आमचं शीट हिरवं आलं.

शेवटी त्या शीटच्या फॉर्मवर, माहिती देणारे म्हणून, सलीमभाईंची सही घ्यायला मी गेले. त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि कागद वाचायला घेतला. पूर्ण.

"पान्याले दहा मार्क, रोजगाराले तीस. काऊन?"

"ऑफिसनं ठरवलंय."

"ऑफिस इथलं पानी पेते का?"

मी पेन पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं.

"मोजलं कवा?"

"दिवाळीत."

"दिवाळीले कोन्त्या बोअरले पानी नसते? मे महिन्यात या."

मग थांबून म्हणाले, "मी तुमाले खोटं सांगितलं होतं. लिहा."

आणि कोणाच्या शेतात मोटर किती पाइपांवर सोडली, ते तोंडपाठ सांगत गेले. पहिल्यांदा अकरा पाइप, आता सोळा. पहिल्यांदा नऊ, आता पंधरा. पाणी खाली गेलं की पाइप वाढवायचा. वीस फुटांचा एक.

मी लिहून घेतलं, पण मनात शंका. आता काऊन सांगून राह्यला हा माणूस?
ऑफिसात सहकारी म्हणाला, "त्याचा काहीतरी फायदा असणार. जपून."
मलाही तेच वाटलं.

मे महिन्यात मी त्यांना न सांगता गेले आणि तीन बोअर मोजले.
तिन्ही जुळले.

गावात काही लपत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्यातच गाठलं.

"चोरून मोजलं म्हने?"

माझा चेहरा उतरला.

"बरं केलं. पन तीनच काऊन? माह्यावर बी भरोसा ठेवू नका. सगळे मोजा."

पुढचे आठ दिवस दुकान बंद ठेवून ते माझ्यासोबत फिरले. भर उन्हात बोअरची झाकणं उघडून देत. एका शेतकऱ्यानं टोमणा मारला, "पानी खाली गेलं त तुहाच धंदा वाढते बे, सलीम!"

"हाव," ते म्हणाले आणि पुढच्या बोअरकडे चालू लागले.

पाणी जितकं आटेल तितकं त्यांना काम जास्त. मी शोधत होते तो फायदा नेमका उलट्या बाजूला होता.

मार्क कशाला किती, हे मग गावाला विचारलं. बायांनी एका आवाजात पाणी पहिलं ठेवलं. त्या मार्कांनी आणि मे महिन्याच्या मोजणीनं शीट लाल झालं.

आमचे सर चिडले. "तुला हे कोणी शिकवलं?"
खूप वाद झाला. शेवटी दोन्ही शीट शेजारी शेजारी लावून रिपोर्ट गेला.

प्लांट तिथे आला नाही. आमच्या रिपोर्टमुळे, की जमिनीचा सौदा फिसकटला म्हणून, मला आजही खात्री नाही.

मी आनंदानं फोन केला.
सलीमभाई खुश झाले नाहीत.

"दुसऱ्या गावात गेला म्हने. तिथं कोन मोजून राह्यलं?"

ते गाव आमच्या कामात नव्हतं. तरी सलीमभाईंना दिवस कळवून मी रजा टाकून गेले. स्टँडवर एक अनोळखी मोटर मेकॅनिक माझी वाट बघत उभा होता. हातात बोअरची यादी.

"बीबीच्या सलीमभाईचा फोन आलता. म्हने, एक मॅडम येतीन. त्याईले सगळं खरं सांगजो. अन् त्याईनं मोजल्याबिगर सही करू नको."

सलीमभाई, तुम्हाला माझा शेवटचा सलाम.