गरम पाण्याचं मत

ग्लेनिस थ्वेटने सव्वीस वर्षं आमच्या हार्थविकच्या बाजारातले संडास सांभाळले. हे वाक्य मी मुद्दाम पहिलं लिहिलंय, कारण निवडणुकीच्या पत्रकात ते तिला अगदी तळाशी, बारीक अक्षरात टाकायचं होतं.

"लोक हसतील रे, केन," ती म्हणाली.

"हसू देत. त्यांतला एक तरी माणूस दाखव, जो कधी घाईघाईने तुझ्याकडे आला नव्हता."

मी तिचा शेजारी. अडतीस वर्षं याच गावात टपाल वाटलं. गावातलं कुठलं कुत्रं चावतं आणि कुठला माणूस, हे मला पाठ आहे. म्हणून निवडणुकीत तिचा प्रतिनिधी म्हणून मीच सही केली. दुसरं कुणी पुढेही आलं नव्हतं म्हणा.

तिचे संडास बघितले नाहीत त्यांना सांगून पटणार नाही. नळ लखलखीत, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या, आणि बाराही महिने गरम पाणी. पाणी कोमट झालं की ती कौन्सिलला फोन करून करून भंडावून सोडायची. थंडीत मासे विकणाऱ्या बायका नुसते हात शेकायला तिच्याकडे जायच्या. ती निवृत्त झाली, आणि दोन वर्षांनी, गेल्या जानेवारीत, कौन्सिलने दाराला कुलूप ठोकलं. ती इमारत एका कॉफीवाल्याला द्यायची, असं एकोणीस विरुद्ध अठरा मतांनी ठरलं. पक्का करार जूनच्या सभेत व्हायचा होता.

त्या एकोणिसांत आमच्या वॉर्डाचा नॉर्मन पिकर्सगिल होता. धंद्याने खाटीक, आता निवृत्त, वीस वर्षं कौन्सिलर. मागच्या दोन खेपांना त्याच्या विरोधात कुणी उभंसुद्धा राहिलं नव्हतं. माणूस वाईट नाही. पण पक्षाने हात वर कर म्हटलं की करायचा, एवढंच त्याला ठाऊक.

कुलूप लागलं आणि गुरुवारचा बाजार विरळ होत गेला. म्हातारी माणसं सकाळचा चहा टाळून यायला लागली, मग यायचीच बंद झाली. आमच्या गल्लीतली आयरीन डॉब्सन, वय चौऱ्याऐंशी. जन्मात एक गुरुवार तिने चुकवला नव्हता. एके दिवशी खिडकीतूनच मला म्हणाली, "काय सांगू केन, तासाभराच्या वर आता मला माझा भरवसा नाही. भर चौकात फजिती होण्यापेक्षा घर बरं."

हे मी ग्लेनिसला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती उमेदवारीचा अर्ज घेऊन माझ्या दारात उभी. राजकारणातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. बाकीच्या जागांवर काही हलणार नाही, हे मला कळत होतं. म्हणजे या एका जागेवर ते कुलूप निघायचं की नाही हे ठरणार होतं.

प्रचारात आम्ही दारोदार फिरलो. नॉर्मनच्या घरापाशी आलो तशी ती फाटक उघडायला लागली.

"अगं, त्याच्याच घरी त्याच्याविरुद्ध मत मागणार?"

"त्याचं एकट्याचं दार वगळून गेलं तर बरं दिसेल का?"

दार नॉर्मनच्या बायकोने, ऑड्रीने उघडलं. तिने पत्रक घेतलं, घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं, नॉर्मन सभेला गेलाय म्हणाली आणि आत जाऊन रुबार्बच्या मुरंब्याची, नावाची चिठ्ठी लावलेली बाटली आणून माझ्या हातात दिली. "गुरुवारी दिसत नाहीस हल्ली," ग्लेनिस तिला म्हणाली. "नॉर्मन जातो यादी घेऊन," ऑड्री म्हणाली. ते खरंच होतं. जानेवारीपासून कौन्सिलरसाहेब स्वतः गाजरं निवडताना दिसत होते, आणि मी येताजाता त्याला टोमणे मारत होतो.

मतदान मेच्या पहिल्या गुरुवारी, चर्चच्या हॉलमध्ये. टेबलाशी ग्लेनिसची सख्खी मावसबहीण शीला बसली होती.

"फोटोचं ओळखपत्र," शीला म्हणाली.

"शीला, माझ्या लग्नात करवली होतीस तू!"

"असेन. नियम म्हणजे नियम. फोटो दाखव."

ग्लेनिसने बसचा पास दाखवला, मतपत्रिका घेतली आणि फुली मारायला दोरीने बांधून ठेवलेल्या पेन्सिलीपाशी गेली. बाहेर आली ती लालबुंद होऊन. मला वाटलं, आनंदाने.

मोजणी शुक्रवारी सकाळी, खेळाच्या हॉलमध्ये. बोटांना रबरी टोप्या घातलेल्या बायका पंचविसांचे गठ्ठे बांधत होत्या. ग्लेनिस थर्मासमधला चहा नॉर्मनच्याच माणसांना वाटत सुटली होती. अकराच्या सुमाराला आकडा आला. नॉर्मन चारशे बारा. ग्लेनिस चारशे बारा. फेरमोजणी झाली. तरी तेच.

"असं कसं होतं?" मी कपाळाला हात लावला. "एक मत! कुणाला तरी घरातून ओढून आणायला हवं होतं."

ग्लेनिस थर्मासचं झाकण लावायला लागली. लागेना. "केन, रागावू नकोस," ती म्हणाली. "मी नॉर्मनला मत दिलं."

माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या टेबलावरची मोजणी थांबली.

"स्वतःच्याच नावापुढे फुली मारायची? हातच उठेना. आई सांगायची, ताटातला शेवटचा तुकडा आपण उचलायचा नसतो."

"हा केक नाही, बये! निवडणूक आहे!"

"कळतंय रे. पण यादीत दोनच नावं. मग राहिला नॉर्मन." आणि तिचे डोळे भरून आले. "आयरीनला काय सांगू आता? माझ्या चांगुलपणापायी तू घरातच बस म्हणून सांगू?"

खरं सांगतो, मला तिची गचांडी धरावीशी वाटली आणि तिला पोटाशीही धरावंसं वाटलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांसाठी दार उघडून धरणारी बाई, स्वतःवर पाळी आली तर मागेच उभी राहणार. आमच्या गावाला हा रोगच आहे. दोन माणसं दारात भेटली की 'आधी तुम्ही' करत पावसात भिजतात.

तेवढ्यात निवडणूक अधिकारी मिसेस फेअरली यांनी आम्हाला बोलावलं. मतं समसमान राहिली तर दोन पाकिटांत नावं घालून एक उचलायचं, असा आमच्याकडचा कायदा. पाकिटं त्यांच्या टेबलावर आणूनही ठेवली होती. पण त्याआधी एका मतपत्रिकेचा निकाल लावायचा होता. संशयास्पद म्हणून ती बाजूला काढलेली होती.

तिच्यावर फुली नव्हती. ग्लेनिसच्या नावापुढच्या चौकोनात आणि त्याच्या बाहेर, जागा पुरेना म्हणून बारीक होत गेलेल्या अक्षरात लिहिलं होतं: 'पाणी गरम ठेव, बाई. आणि खिडकीत फुलंही.'

"मत कुणाला द्यायचंय ते उघड आहे," मिसेस फेअरली म्हणाल्या. "तेव्हा माझ्या मते हे मोजायला हवं. मात्र लिहिण्यावरून मतदार कोण हे ओळखू येत असेल, तर मत बाद होतं. आपल्यापैकी कुणाची हरकत?"

मी कागदाकडे पाहिलं. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब मागे ओढून अख्ख्या ओळीखालून फिरवलेली. ते अक्षर मी तीसेक नाताळ शुभेच्छांच्या पाकिटांवर वाचलं होतं. मुरंब्याच्या बाटलीवरच्या चिठ्ठीत ते अजून माझ्या फडताळात होतं.

मी नॉर्मनकडे पाहिलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाकून ती ओळ वाचली. एवढीशी ओळ, पण त्याला फार वेळ लागला. त्याच्या पक्षाचा माणूस कानाशी लागला, "हरकत घ्या, साहेब. कुणीतरी ओळखीचंच असणार. हरकत घ्या."

"गप रे," नॉर्मन म्हणाला. मग मिसेस फेअरलींना म्हणाला, "मी खाटीक माणूस, बाई. मला मटण ओळखता येतं, हस्ताक्षरं नाही. मोजा ते."

ग्लेनिस एका मताने निवडून आली. ती टाळ्यांकडे गेली नाही, भाषणाकडेही नाही. आधी नॉर्मनपाशी जाऊन त्याचा हात धरला. "नॉर्मन, तुला माहीत असावं म्हणून सांगते. मी तुलाच मत दिलं होतं."

नॉर्मन तिच्याकडे बघतच राहिला. मग इतक्या मोठ्याने हसला की हॉल घुमला. "तुझ्या घरचं मत मला आणि माझ्या... जाऊ दे," तो म्हणाला. "फिट्टंफाट झाली आपली."

तिला काही कळलं नाही. मी बुटांकडे बघत राहिलो.

जूनच्या सभेत कॉफीवाल्याचा प्रस्ताव एका मताने पडला. ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी कुलूप निघालं. ग्लेनिस नव्या कुंड्या घेऊन सकाळी सातलाच हजर. कौन्सिलर असली म्हणून काय झालं, नळ तिनेच घासले. दहा वाजता आयरीन डॉब्सन आली, डोक्यावर चर्चला जायची रविवारची टोपी घालून, आणि चौकात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज मी दोन कप चहा पिऊन आलेय!"

तिच्यामागून नॉर्मन आणि ऑड्री आले. ऑड्री आत गेली. नॉर्मन तिची पर्स आणि बाजाराची यादी धरून बाहेर माझ्याशेजारी उभा राहिला.

"तुलाही कळलं होतं ना त्या दिवशी?" त्याने विचारलं.

"मी पोस्टमन होतो, नॉर्मन."

तो यादीकडे बघत होता. "सत्तेचाळीस वर्षं हे अक्षर वाचतोय मी. जानेवारीत तिने ही यादी माझ्या हातात दिली, तू जा म्हणाली. मला वाटलं गुडघे दुखत असतील. विचारलंच नाही रे. सभेत हात वर करून आलो, तिला बाजारातून उठवून घरी बसवलं, आणि रोज संध्याकाळी तिच्याच समोर बसून जेवत होतो."

मी जन्मभर त्याला टोमणे मारत आलो, पण त्या वेळी त्याच्या आणखी जवळ सरकून उभा राहिलो.

ऑड्री बाहेर आली. हात लाल झाले होते, वाफ निघत होती. "चांगलं कढत आहे," ती ग्लेनिसला म्हणाली. मग नॉर्मनकडे वळून तिने पर्स घेतली आणि त्याच्या बोटांतून यादी ओढून काढली.

"दे इकडे," ती म्हणाली. "नऊ महिने नासकी गाजरं खाल्ली मी."

आणि ती एकटीच बाजारात शिरली.