लहानू मिस्त्रींचे सायकलचे बूट

बूट करून हवेत म्हणून कोणी आलं, की लहानू मिस्त्री पायाचं माप घ्यायच्या आधी त्याला सायकल चालवायला लावायचे. श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात बाजारतळाच्या कडेला लिंबाखाली त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे तीन पत्रे, एक पोतं आणि पाण्याची कुंडी. गिऱ्हाईक टेकायला लागलं की ते म्हणायचे, "बसू नका. आधी झाडाला दोन फेऱ्या मारा." मग स्वतः उकिडवे बसून, डोळ्यांवर हाताची सावली धरून त्याच्या पायांकडे बघत राहायचे. माणसाच्या तोंडाकडे त्यांचं लक्ष नसायचं. "बसलेला पाय खोटं बोलतो, भाऊ," ते म्हणायचे. "पायडलवरचा पाय खरं बोलतो."

मी १९७० साली पोस्टमन म्हणून बेलापुरात आलो. पायात मामेभावाचे जुने बूट होते, तळाला लोखंडी खिळे ठोकलेले. आठवड्यात दोनदा पायडलवरून पाय सटकून पडलो, पत्रं रस्ताभर झाली. पोस्टमास्तरांनी मला लिंबाखाली पाठवलं. मिस्त्रींनी माझ्या फेऱ्या बघितल्या, बूट काढून हातात घेतला आणि उलटा करून मलाच दाखवला. "हे चालायचे बूट हायेत, तेही परेडला. लोखंडावर लोखंड ठेवलं तर घसरनारच की."

माझ्यासाठी त्यांनी जे बूट केले ते दिसायला काहीच नव्हते. बिनलेसाचे, बाजूला एक बक्कल, पातळ टायरचा तळ. पण चवड्याशी ते असे वाकायचे की पायात काही आहे याचा विसर पडावा. "टपालाचा मानूस दिवसातून शंभरदा उतरतो अन् शंभरदा चढतो," ते म्हणाले. "त्याचा बूट चवड्यात वाकला पायजे. लेस ठेवली तर चेनीत जाईल."

हे ज्ञान त्यांना नगरच्या छावणीत मिळालं होतं. लढाईच्या काळात ते तिथे बूट दुरुस्तीला होते. एक गोरा साहेब रविवारी सायकलच्या शर्यतीला जायचा. त्याचे बूट तळाला फळीसारखे ताठ आणि खाली आडवी चामड्याची पट्टी ठोकलेली. ती पट्टी पायडलच्या कडेत अडकून बसायची, पाय हलायचा नाही, सगळा जोर चाकाला जायचा. तेव्हापासून मिस्त्रींना कळलं की सायकल एक असली तरी चालवणं एक नसतं. दुधवाल्याचा बूट ते रुंद टाचेचा आणि घोट्यापर्यंत उंच करायचे, कारण थांबल्यावर मागच्या कॅनांचा सगळा भार एका पायावर येतो. काळ्या रानातून जाणाऱ्याला जाड तळ द्यायला ते साफ नकार देत, चिखल धरून तो जड होतो म्हणून. एक गुरुजी चकचकीत बूट करून मागायला आले, तर त्यांना म्हणाले, "शाळा दोन मैलांवर, ती बी डांबरीनं. तुमाला बूट कशाला? चपलेला मागून पट्टा लावून देतो. पायाला उगं कोंडू नका." गुरुजी रागावून गेले आणि महिन्याने चप्पल घ्यायला आले.

मिस्त्रींची बायको लवकर वारली होती. एकुलती मुलगी चंद्रभागा पुणतांब्याला दिलेली. चांभारवाड्यातल्या एका खोलीत ते एकटेच राहत, आणि टपाल वाटून परतताना मी रोज थोडा वेळ त्यांच्या पोत्याशी थांबत असे.

तिथेच मला बबन भेटला. वाडीवरच्या तात्यांचा हा थोरला मुलगा. बागायती घर, दावणीला चार म्हशी. वाडीचं दूध दोन कॅनांत भरून तो रोज सकाळी बेलापूरच्या डेअरीत आणायचा. वीस-बावीस वर्षांचा, अंगाने सडपातळ, आणि सायकल अशी हाणायचा की कुत्रीसुद्धा मागे लागायची सोडून द्यायची. त्या वर्षी श्रीरामपुरात तालमीच्या पोरांनी सायकलची शर्यत ठेवली होती. बबन लिंबाखाली येऊन म्हणाला, "मिस्त्री, साहेबाचा बूट करून द्या."

मिस्त्रींनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी त्याला झाडाभोवती फेऱ्या मारायला लावल्या. नंतर मला म्हणाले, "असा पाय मी वीस वर्षांत बघितला न्हाई."

ते बूट करायला त्यांना अठरा दिवस लागले. काळे, अरुंद, ताठ, खाली चामड्याची पट्टी. बबनने सायकलला लोखंडी पायडलं आणि वरून आवळायचा पट्टाही बसवला. बूट हातात देताना मिस्त्री त्याला म्हणाले, "बबनराव, एक ध्यानात ठेवा. ह्यो बूट पायाला धरून ठेवतो. शर्यतीत ते बरं. दुधाला न्यायचा न्हाई. रस्त्यावर पाय सुटा पायजे."

"न्हाई नेत," बबन म्हणाला.

शर्यतीत तो दुसरा आला. पहिला आलेला पुण्याचा होता आणि त्याची सायकल विलायती होती, म्हणून गावाच्या हिशेबी बबनच पहिला. त्याची मिरवणूक निघाली. लोक बूट बघायला लिंबाखाली यायला लागले. कोपरगावहूनही दोघे आले. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मी तेवढ्याच दिवसांत हसू पाहिलं.

पुढे बबन तेच बूट घालून दुधाला जाऊ लागला. मी रोज त्याला वाटेत पाहायचो. एकदा मी म्हणालो, "काय रे, आज कुठली शर्यत?" तो हसला, मीही हसलो. त्यापलीकडे मी काही बोललो नाही. मिस्त्रींनीही पाहिलं होतं. एकदा त्यांनी लांबून हाक मारून हात हलवला. बबनने हात हलवून उत्तर दिलं आणि निघून गेला.

दिवाळीनंतरची गोष्ट. उसाची तोड सुरू झाली होती. कॅनॉलच्या पुलावर मी पोचलो तेव्हा बैलगाडी आडवी उभी होती आणि रस्त्यावरून दूध वाहत होतं. नंतर कळलं ते असं: बैल बुजला, गाडी अंगावर आली, बबनने ब्रेक दाबला. पाय खाली टेकला असता तर तो नुसता थांबला असता. पण पाय सुटला नाही. कॅनांच्या वजनाने तो सायकलसकट कलंडला आणि उसाने भरलेल्या गाडीचं चाक त्याच्या उजव्या घोट्यावरून गेलं. मी खाली बसून पायडलचा पट्टा सोडवला. बूट मात्र निघेना. तो कापावा लागला.

बबन चार महिने नगरला दवाखान्यात होता. पाय वाचला, पण घोटा कायमचा आखडला आणि पाय दोन बोटं आखूड झाला.

तो घरी आल्याचं कळलं त्या दिवशी मिस्त्री मला म्हणाले, "भाऊ, वाडीवर टपाल हाय का?" नव्हतं. तरी मी त्यांच्याबरोबर गेलो. अंगणाच्या कडेला, गोठ्याजवळ ते उभे राहिले. त्या घरात त्यांची जागा तिथवरच होती. तात्या ओट्यावरून उठले, आत गेले आणि उरलेला डाव्या पायाचा बूट आणून त्यांच्या पुढ्यात टाकला.

"घेऊन जा. लई नाव काढलंस माझ्या पोराचं."

मिस्त्रींनी बूट उचलला. "तात्या, पायाचं माप घ्यायचं हुतं," ते म्हणाले.

"अजून काय करायचं राहिलंय?" तात्या ओरडले. "जा म्हणतो ना!"

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही त्याला सांगितलं होतं. तुमचा काय दोष?" त्यांनी तो बूट काखेत धरला. मग म्हणाले, "सांगितलं एकदा. ते बोलनं झालं. त्यानं बूट घातलेला रोज दिसत हुता, तवा सायकल धरून उभं ऱ्हायला पायजे हुतं. पन लोक इचारायचे, बूट कुनाचा, म्हनून. मला ते ऐकायला गोड लागायचं. म्हनून मी गप बसलो."

गप्प तर मीही बसलो होतो, आणि माझ्याकडे त्यांच्याएवढं कारणही नव्हतं.

पुढच्या रविवारी ते पुन्हा वाडीवर गेले. त्याच्या पुढच्याही. तात्या बोलत नसत, ते गोठ्याजवळ तासभर थांबून परत येत. पाचव्या की सहाव्या रविवारी बबनच भिंतीला धरून बाहेर आला, गव्हाणीवर बसला आणि पाय पुढे केला. मिस्त्रींनी तो दोन्ही हातांत घेतला. तात्या ओट्यावरून बघत होते, पण ते उठले नाहीत. आतून बबनची आई चहा घेऊन आली.

मग ७२चा दुष्काळ आला. कॅनॉल कोरडा पडला, तात्यांच्या चारांतल्या तीन म्हशी गेल्या. कातड्याचे ढीग पडले होते, पण बूट कोणाला हवे होते? मिस्त्री दिवसा खडी फोडायला जात आणि उरलेल्या वेळात बबनच्या पायाचं काम करत. पहिला बूट जड झाला, बबनला पाय उचलेना. दुसऱ्याने घोट्याला जखम केली. ती बघून मिस्त्री तिथेच सुरीने बूट उसवायला बसले. मग त्यांनी तळात पांगाऱ्याचं लाकूड घातलं, हलकं, भेंडासारखं, दोन बोटं जाड. वरून मऊ कातडं, घोट्याला दोन्हीकडून आधार. घोटा वाकत नव्हता, म्हणून जोर चवड्याऐवजी पायाच्या मधोमध यायला हवा होता. तेवढ्यासाठी त्यांनी तळाचा उतार सात वेळा तासला. खाली मात्र सगळं सपाट. अडकेल असं काही नाही. सायकलच्या दुकानात स्वतः जाऊन त्यांनी उजव्या पायडलवर लाकडी ठोकळाही बसवून घेतला.

बबन सायकलवर बसायला तयार नव्हता. गोठ्याच्या मेढीला धरून तो म्हणाला, "मिस्त्री, मला भ्या वाटतं."

"मला बी वाटतं," मिस्त्री म्हणाले. "तुमच्यापरीस जास्त. पन बबनराव, भ्या घेऊनच चालवायची आता. बेफिकीर बूट मी एकदा केला, पुन्हा करनार न्हाई."

कॅरिअर धरायला तात्या आले. पहिल्याच दिवशी बबन बांधापर्यंत गेला. परत येताना तो रडत होता. मिस्त्री पाठ फिरवून कुंपणाकडे बघत उभे होते. तात्या त्यांच्याजवळ गेले आणि एवढंच म्हणाले, "लहानू, वर ये. ओट्यावर बस." मिस्त्री म्हणाले, "आज नगं तात्या, हात घान हायेत," आणि हत्यारांची पिशवी उचलून चालू लागले. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना कोणाकडूनही काही घ्यायचं नव्हतं.

शर्यतीचे बूट त्यांनी पुन्हा केले नाहीत. कोपरगावचे दोघे पुन्हा आले, जास्त पैसे देतो म्हणाले. मिस्त्रींनी त्यांना पाणी पाजलं आणि परत पाठवलं.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात माझी बदली पाथर्डीला झाली. निघताना मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर ते मागे सरकले. म्हणाले, "तिकडं मुरूम लई हाय. तळ झिजला की थांबू नका, लगेच बदला." खडी फोडून त्यांना खोकला जडला होता. मला ते दिसत होतं.

त्या हिवाळ्यात बबनचं पत्र आलं. पाथर्डीच्या टपालाच्या टेबलापाशी मी ते उभ्याउभ्याच वाचलं. त्याने लिहिलं होतं:

"मिस्त्रींचा खोकला फार वाढला. मंगळवारी सकाळी त्यांना बोलता येईना, फक्त चंद्रीचं नाव घेत होते. आगगाडी निघून गेली होती, एष्टी दुपारी. मी सायकल काढली. तात्या नको म्हणाले नाहीत. पुणतांब्याला पोचायला दोन तास लागले. येताना चंद्रीला कॅरिअरवर बसवलं, तिचं लहान पोर पुढच्या दांडीवर. श्रीरामपूरच्या पुढं पाय फार दुखला म्हणून दोनदा उतरलो, पण पडलो नाही. बेलापुरात आलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मिस्त्री होते. त्यांनी लेकीला ओळखलं, नातवाच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्या हातनं पाणी घेतलं. मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, 'दमलास रं पोरा. बस.' खोलीत दुसरं काही नव्हतं, म्हणून मी त्यांच्या अंथरुणावरच बसलो. त्यांनी माझा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि बुटाचं बक्कल सोडायला लागले. बोटात जोर नव्हता. तरी मी त्यांना सोडू दिलं. दिवे लागायच्या आत ते गेले."