लेबलाखालचा तडा

बाहेर पडताना कडीकाका कुलूप ओढून बघत, जिना उतरत, आणि परत वर येऊन पुन्हा ओढत. जन्मभर कुलपं दुरुस्त केलेली. ती किती सहज उघडतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

थंडीत त्यांच्या बायकोचा, काकूंचा, दमा उसळे. खिडक्यांच्या फटींतून वारा थेट अंथरुणात शिरे. सुनेने दुहेरी काचेच्या खिडक्या बसवायचं ठरवलं. घराची ऊब राखणाऱ्या कामाला आयकरात सवलत होती. त्या सवलतीच्या भरवशावरच तिने एवढा खर्च अंगावर घेतला.

"सरकार आपल्या खिशात हात घालतं ते काढायला," काका म्हणाले. "द्यायला कधीपासून?"

"बाबा, या वेळी खरंच देतंय."

"मग कुठेतरी पाणी मुरतंय."

"अहो, लग्नानंतर वर्षभर तुम्ही माझ्या चहावरसुद्धा संशय घेतलात," काकू खोकत म्हणाल्या. "साखर कमी घालते म्हणून."

"घालत होतीसच!"

खिडक्या बसल्या. कारागीर गेल्यावर काकांना प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात लेबल दिसलं. नव्या काचेवर चिकटपट्टी कशाला? खाली तडा असणार. त्यांनी ब्लेड घेतलं आणि एकेक लेबल खरवडून काढलं. काकूंचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून तेवढी खोली राहिली.

सवलतीसाठी खिडक्या बघायला तपासनीस आला. काच ऊब राखणारी आहे याचा पुरावा म्हणजे ते लेबल; ते असेल तरच सवलत, असा नियम.

"मीच काढली," काका पुटपुटले. "वाटलं, खाली तडा लपवलाय."

"होता?"

"नाही ना! तेच तर खटकतंय."

सवलत मिळाली ती काकूंच्या खिडकीपुरती. सुनेने खिडक्यांचं बिल घडी करून कपाटात ठेवून दिलं, आणि काकांना तेच जास्त लागलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी आपलं बंद केलेलं कुलपांचं दुकान उघडलं. महिनाअखेरीस सुनेच्या हातात पाकीट ठेवलं.

"उघडून बघ. आत नुसते कागद नसतील कशावरून?"

"बाबा, तुमच्यावर नाही संशय घेत मी."

"इथेच चुकतेस," ते म्हणाले. पण दुकानात जाताना त्यांची मान जरा ताठ होती.

त्या हिवाळ्यात काकू शांत झोपल्या. खोकला ऐकू येईना, तेव्हा काका त्या शांततेवरही संशय घेऊन काकूंच्या नाकाशी बोट धरून बघत.

थंडी सरता सरता एका दुपारी, काकूंच्या उशाशी खुर्चीत बसल्या बसल्या, ते गेले. त्याआधी स्वेटरचा गळा ओढत सुनेला म्हणाले होते,

"भट्टी केलीस नुसती या खोलीची. जरा खिडकी उघड गं."